परिचारिकांच्या घराण्याचे स्मारक

वडिलोपार्जित विद्येचा अभिमान आपल्या समाजास नवा नाही. वैद्याच्या घरी वैद्यकी, पुराणिकाच्या घरी पुराण, गवयाच्या घरी गाणे पिढ्यान् पिढ्या चालावे, आणि त्या घराण्याचे नाव लोकांनी आदराने घ्यावे, ही रीत जुनी आहे. परंतु ज्या घरातील आजीने, आईने आणि नातीने रुग्णांच्या खाटेशी उभे राहून आयुष्य काढले, त्या घरास कोणी घराणे म्हणत नाही. आजीला साऱ्या पेठेने ‘नर्सबाई’ म्हणून ओळखले. आईला ‘सिस्टर’ म्हटले. दोघींचे खरे नाव पुष्कळांना ठाऊकही नव्हते. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरात, अशी घरे थोडी नाहीत. अशा घरातील वडीलधारी बाई निवर्तली म्हणजे मुलानातवंडांच्या मनात काहीतरी करावे असे येते. कोणी रुग्णालयास चाकाची खुर्ची देतो, कोणी बाकडे, कोणी भिंतीवरचे घड्याळ. ही दाने वाईट नव्हेत. परंतु त्या घराण्याचे जे खरे धन, म्हणजे शिकून घेतलेली शुश्रूषा, ते पुढे चालविण्याचा ह्याहून सरळ मार्ग आहे. तो म्हणजे परिचर्या शिकणाऱ्या मुलीच्या शिक्षणाचा भार उचलणे.

ह्या मार्गाचे औचित्य कळण्यासाठी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. शिक्षित परिचारिकेचा वारसा रक्ताने येत नाही. गावच्या सुइणीची विद्या सासूकडून सुनेकडे घरातल्या घरात जात असे. तीस शाळा नव्हती, वसतिगृह नव्हते, परीक्षाही नव्हती. आधुनिक परिचारिकेची गोष्ट निराळी. तीस घर सोडून दोन-तीन वर्षे रुग्णालयात राहावे लागते आणि रात्रपाळ्या करून विद्या मिळवावी लागते. तेवढा काळ ती मिळवती नसते. म्हणून परिचर्येच्या शाळेचा इतिहास जगात कोठेही उघडून पाहावा, त्याच्या आरंभीच एक अगदी घरगुती प्रश्न उभा असतो: ह्या मुलीने तोवर जेवावे कोणाच्या घरचे?

ह्या प्रश्नास पहिले मोठे उत्तर एका स्मारकनिधीनेच दिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई क्रायमियाच्या युद्धात जखमी शिपायांची शुश्रूषा करीत असता, इ. स. १८५५ च्या नोव्हेंबरात लंडन येथे सभा भरून त्यांच्या गौरवार्थ वर्गणी सुरू झाली. श्रीमंतांनी दिली, तशी साध्या शिपायांनीही एकेका दिवसाचा पगार देऊन भर घातली. जमा झालेली रक्कम सुमारे ४५,००० पौंड होती. अशा रकमेतून बाईंचा एखादा पुतळा सहज झाला असता. तसे झाले नाही. पैसा काही वर्षे राखून ठेवण्यात आला आणि १८६० साली त्यातून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. तेथील नियम लक्षात घेण्याजोगे आहेत. विद्यार्थिनीचे जेवण, राहणे, कपडे धुणे आणि गणवेश यांचा खर्च निधी करी. शिवाय वर्षाला १० पौंड हातखर्चास मिळत. म्हणजे ज्यास आज शिष्यवृत्ती म्हणतात, ती त्या शाळेच्या पायातच घातलेली होती. हे नसते तर त्या शाळेत एक तर सुखवस्तू घरच्या हौशी मुली आल्या असत्या, किंवा कोणीच आले नसते.

आपल्याकडेही असेच घडले. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातील स्त्रियांस वैद्यकीय साहाय्य मिळावे म्हणून जो फंड निघाला, त्याच्या उद्देशांत दवाखाने उघडणे होते, तसेच डॉक्टर, परिचारिका व सुइणी यांच्या शिक्षणास मदत करणेही होते. दुसऱ्याच वर्षी मुंबईस स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. मुंबईत शिक्षणास आलेल्या पहिल्या हिंदी परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव घेतात. ते साल १८९१. नावापलीकडे त्यांच्याविषयी फारच थोडे लिहून ठेवलेले आढळते, आणि परिचारिकांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे.

पुण्यास २ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाई रानडे यांनी सेवासदन स्थापिले आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने ते वाढविले. ससून रुग्णालयात शिकणाऱ्या स्त्रियांसाठी संस्थेने राहण्याची सोय केली. ह्या सोयीचे महत्त्व आज सहज कळणार नाही. उच्चवर्णीय हिंदू विधवेने परक्याच्या मलमूत्रास, रक्तास हात लावावा, रात्री घराबाहेर राहावे, आणि त्याबद्दल पगार घ्यावा, ह्या तिन्ही गोष्टी त्या काळी लोकापवादास पुरेशा होत्या. वसतिगृहाच्या एका समारंभात केशवपन केलेली विधवा बक्षीस घेण्यास पुढे आली, तेव्हा सज्जात बसलेल्या कॉलेजातील मुलांनी तिची हुर्यो उडविली. त्यावर रमाबाईंनी भर सभेत त्या सुशिक्षितांची कशी कानउघाडणी केली, हा प्रसंग पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. अशा वातावरणात नुसत्या उपदेशाने कोणतीही स्त्री ससूनच्या वॉर्डात गेली नसती. डोक्यावर छप्पर, दोन वेळचे जेवण आणि पाठीशी प्रतिष्ठित बाईंचे नाव, एवढे मिळाले तेव्हा त्या गेल्या. उदार लोकांच्या देणग्या ह्या छपरावर आणि जेवणावर खर्च झाल्या.

नगरकडे वळावे तर तेथील धागा आणखी मागे जातो. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगरास १८३१ साली पडले. सिंथिया फरार बाईंनी १८३९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत, तेथे मुलींच्या शिक्षणाचे काम केले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे ज्या ठिकाणी घेतले त्यांत फरारबाईंच्या ह्या शाळेचे नाव सांगतात. पुढे १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी पुण्याजवळ रोग्यांची सेवा केली, आणि एका आजारी मुलास उचलून आणताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई वारल्या. त्या शिक्षित परिचारिका नव्हत्या. तरीही आईने शुश्रूषा करावी आणि मुलाने औषध द्यावे, असे घर महाराष्ट्राने पाहिले ते हे. प्लेगच्या त्या दिवसांत नगरची काय दशा होती ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ज्यांनी वाचली आहे, त्यांना शुश्रूषा करणाऱ्या माणसाची किंमत वेगळी सांगावयास नको.

विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. ज्युलिया बिसेल आणि डॉ. रूथ ह्यूम ह्या मिशनच्या स्त्री-डॉक्टरांनी नगरात स्त्रियांच्या रुग्णालयाचे काम उभे केले. नंतर मुक्तिफौजेचे इव्हँजेलिन बूथ रुग्णालय नगरचे होऊन गेले. नगरकर त्यास नुसते ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणतात. अशा मिशन-रुग्णालयांत परिचारिकांचे शिक्षण चाले. जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांत परिचर्येची परंपरा अधिक दिसते, तिचे कारण येथे आहे. त्या मुलींना वसतिगृहाचे दार उघडे होते, आणि शिवाशिवीच्या ज्या बंधनांनी इतर घरांतील मुली अडल्या त्यांतून त्या सुटल्या होत्या. परंपरा स्वभावातून येते असे म्हणणे गोड वाटते. पुष्कळदा ती उघड्या दारातून येते.

ह्या जुन्या व्यवस्थेत एक सौदाही होता, आणि तो स्पष्ट सांगणे न्यायाचे आहे. विद्यार्थिनी शिकत असतानाच वॉर्डातील बरेचसे काम करी. बिछाने, पट्ट्या, भांडी, रात्रीचा पहारा हे सारे तिच्याकडून होई. त्याच्या बदल्यात रुग्णालय तीस अन्न, निवारा, गणवेश आणि थोडे विद्यावेतन देई. मेट्रनबाईंची शिस्त कडक होती, श्रम अतोनात होते आणि पुस्तकी शिक्षण कित्येकदा मागे पडे. पण गरीब घरची मुलगी रिकाम्या हाताने येऊन शिकून बाहेर पडू शकत असे. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. हे प्रमाण लाजिरवाणे होते आणि शाळा वाढविणे अवश्य होते. त्याच साली वेलोर व दिल्ली येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. विद्यार्थिनी ही स्वस्तातील मजूर नव्हे, ती विद्यार्थिनी आहे, हे तत्त्व हळूहळू मान्य झाले. ते योग्यच झाले.

परंतु त्याबरोबर सौद्याची दिशाही उलटली. सरकारी रुग्णालयांच्या शाळांतील जागा थोड्या. खासगी महाविद्यालये पुष्कळ निघाली, आणि तेथे रुग्णालयाने मुलीस द्यावयाच्या ऐवजी मुलीने संस्थेस द्यावयाचे ठरले. आज सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा आणि पदवीचा चार वर्षांचा आहे. एवढी वर्षे फी, वसतिगृह, खाणावळ, पुस्तके, गणवेश आणि गावी येण्याजाण्याचे भाडे कोठून आणावयाचे? आजी ज्या दारातून आत गेली ते दार तिच्याच शेजारणीच्या नातीस आता पैसे मोजल्यावाचून उघडत नाही. शिष्यवृत्तीची खरी गरज येथे उत्पन्न होते.

अशी शिष्यवृत्ती ठेवू इच्छिणाऱ्या कुटुंबाने पहिला विचार करावा तो हा की पैसा नेमका कशास द्यावयाचा. सामान्यतः देणगीदाराच्या मनात फी असते. वास्तविक मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. आणि केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास आलेल्या, वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील कित्येक मुलींची शिक्षण व परीक्षा फी महाराष्ट्र शासनाने २०२४ पासून माफ केली आहे. ज्या मुलीची फी अशी सुटली तीस पुन्हा फीच देण्यात अर्थ नाही. तिची अडचण खाणावळीच्या महिन्याच्या बिलाशी आहे, पांढऱ्या बुटांशी आहे, आणि आजारी पडलेल्या वडिलांना भेटण्यासाठी लागणाऱ्या बसभाड्याशी आहे. पुढे शेवटची परीक्षा झाल्यावर नोंदणी परिषदेत नाव घालण्याचा खर्च येतो. नोंदणीवाचून परिचारिकेस काम करता येत नाही, आणि नेमका त्याच वेळी घरचा हात रिकामा झालेला असतो. नाइटिंगेल निधीने जेवण आणि धुणे धरूनच हिशेब मांडला होता, ह्याचे मर्म येथे कळते. लहान रकमेची पण दरमहा वेळेवर मिळणारी मदत, वर्षअखेर समारंभात दिलेल्या मोठ्या धनादेशापेक्षा मुलीस अधिक टिकवून धरते.

दुसरा प्रश्न मुलगी कशी निवडावी हा. येथे नगर जिल्ह्यानेच घालून दिलेला धडा आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. प्रथम त्यांचा विचार शिकलेल्या परिचारिका गावोगाव नेमण्याचा होता. तो नीट साधला नाही. बाहेरून आलेल्या मुली खेड्यात राहण्यास नाखूश असत, आणि गावासही त्या परक्या वाटत. तेव्हा गावातीलच स्त्रिया, कित्येक निरक्षर, कित्येक दलित, निवडून त्यांना आठवड्याच्या आठवड्यास जामखेडला बोलावून शिकविण्यात आले. त्यांनी बाळंतपणे सांभाळली, मुलांची वजने घेतली, कुष्ठरोग व क्षय ओळखण्यास शिकल्या. ह्या कामाची दखल जगाने घेतली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पुढे त्यांची मुले त्याच कामात उतरली. ह्या जामखेड तालुक्यातच चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव आहे, ज्यांचे नाव आज जिल्ह्याने धारण केले आहे.

जामखेडच्या ग्रामआरोग्यसेविका आणि नोंदणीकृत परिचारिका ह्या एक नव्हेत, आणि एकीचे काम दुसरीने करावे असेही नाही. पण निवडीचे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. प्रवरेच्या पाटपाण्याखालील उत्तरेकडचे तालुके आणि पाथर्डी, कर्जत, जामखेड हे कोरडवाहू तालुके ह्यांची स्थिती सारखी नाही. दक्षिणेकडील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस बाहेर पडतात. अशा घरातील मुलीचे बारावीचे गुण शहरातील मुलीपेक्षा कमी असले तर त्यात नवल काय? केवळ गुणांच्या उतरंडीने निवड केली तर शिष्यवृत्ती बहुधा तिच्याकडे जाईल जी नाहीतरी शिकलीच असती. प्रवेश मिळालेला आहे, शिकण्याची इच्छा खरी आहे, आणि पैशावाचून दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटण्याचा धोका आहे, ह्या तीन गोष्टी पाहून निवड करावी. आपल्याच जातीची वा धर्माची मुलगी हवी ही अट तर परिचारिकेच्या नावे कोणी घालूच नये. तिने स्वतः खाटेवरच्या माणसास ती अट कधी घातली नव्हती.

मुलीने शिक्षणानंतर जिल्ह्यातच इतकी वर्षे नोकरी करावी, असे लिहून घ्यावे काय? ह्याविषयी मतभेद आहे. नाइटिंगेल शाळेनेही विद्यार्थिनींकडून काही वर्षे सेवेची हमी घेतली होती. तथापि खासगी कुटुंबाने असे बंधन घालणे इष्ट दिसत नाही. करार मोडल्यास वसुली कोण करणार? आणि मुंबईस किंवा परदेशी गेलेली परिचारिका धाकट्या बहिणीचे शिक्षण करते, घराचे कर्ज फेडते, हेही ह्याच जिल्ह्यात दिसते. बंधनापेक्षा ओळख अधिक काम करते. घराण्यातील निवृत्त सिस्टर हयात असतील तर त्यांनी त्या मुलीस महिन्यातून एकदा भेटावे, पहिल्या मृत्यूनंतर तिला धीर द्यावा. रात्रपाळीच्या भीतीने शाळा सोडू पाहणाऱ्या मुलीस ह्या भेटीचा आधार पैशाइतकाच असतो.

आता पैशाचा हिशेब. कायम ठेव ठेवून व्याजातून शिष्यवृत्ती द्यावयाची झाली तर समजा दहा लाख रुपये मुद्दल आहे आणि सालिना सात टक्के व्याज येते, तर वर्षाचे सत्तर हजार होतात. ते सारे वाटून टाकण्याचा मोह होतो. परंतु महागाई सहा टक्के धरली तर सुमारे बारा वर्षांत त्याच रकमेची खरेदीशक्ती निम्मी होते. आजीच्या नावाची शिष्यवृत्ती नातीच्या हयातीतच खाणावळीच्या चार महिन्यांपुरती उरते. जुन्या शाळांतून दरसाल दहा-वीस रुपयांची बक्षिसे अजून दिली जातात, ती एकेकाळी भरघोस होती, हे पाहिले म्हणजे ही गोष्ट पटते. म्हणून व्याजातील वीस-पंचवीस हजार पुन्हा मुद्दलात घालून उरलेले द्यावे. उरलेल्या रकमेत तीन मुलींना थोडे थोडे देण्याऐवजी एकीस शेवटपर्यंत नेणे बरे. अर्धवट सुटलेल्या परिचर्येच्या शिक्षणास बाजारात काहीच किंमत नाही. दोन वर्षे शिकलेली मुलगी नोंदणीच्या दृष्टीने न शिकल्यासारखीच असते.

ज्यांच्याजवळ एवढे मुद्दल नाही त्यांनी थांबून राहण्याचे कारण नाही. चार भावंडांनी मिळून एका मुलीचा तीन वर्षांचा महिनाखर्च उचलला, तरी ती पुरी शिष्यवृत्तीच झाली. तीस निबंधकाची मोहोर लागत नाही. कायम निधी करावयाचा असल्यास मात्र दोन मार्ग आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली स्वतंत्र न्यास नोंदविता येतो. परंतु दरसालचे हिशेब, तपासणी आणि विश्वस्तांच्या बदलाच्या नोंदी पुढची पिढी करील काय, हा विचार आधी करावा. नाहीतर एखाद्या चालू रुग्णालयाच्या परिचर्याशाळेकडे निधी सोपवावा आणि दानपत्रात पैसा कोणत्या खर्चास, कोणत्या निकषाने आणि निवड कोणी करावयाची हे लिहून घ्यावे. शाळा बंद पडल्यास निधी कोठे जावा, हेही त्याच कागदात असावे. जिल्ह्यात शाळा निघतात तशा मिटतातही.

नावाविषयी एक सूचना करण्याजोगी आहे. ‘अमुक परिवार शिष्यवृत्ती’ असे नाव देण्याची चाल पडली आहे, आणि त्यात बहुधा आडनाव मुलांचे, म्हणजे सासरचे, येते. जिच्यामुळे हे घराणे परिचारिकांचे झाले तिचे पूर्ण नाव, ती जेथे शिकली ते रुग्णालय, ज्या साली ती उत्तीर्ण झाली ते साल, आणि ज्या गावांत तिने नोकरी केली ती गावे एका कागदावर लिहून शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीच्या हाती द्यावीत. हे सारे शोधण्यास जुनी प्रमाणपत्रे, बदलीचे हुकूम, सेवापुस्तक काढावे लागते. ट्रंकेच्या तळाशी ते बहुधा असते. ते कागद काढीत असताना पुष्कळ घरांत प्रथमच कळते की आजीस पहिल्या वर्षी विद्यावेतन किती मिळत होते, आणि त्यातून ती गावी किती पाठवीत होती.